उघड्या दाराचं शहर

ही गोष्ट खरी आहे.

मला रचून सांगता येत नाही. तेवढी अक्कल असती तर पुस्तकं छापली असती, इथे फुकट लिहीत बसले नसते. हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय आणि मामा अजून आहे. पटलं तर वाचा, नाही पटलं तर पुढे जा. खाली येऊन मला शहाणपणा मात्र शिकवू नका.

आणि हो, रात्र, स्मशान, सुनसान रस्ता असलं यात काही नाही. हे सगळं भर दुपारी घडलं. गेल्या वर्षी, पाऊस सरता सरता, आमच्याच शहरात, माणसांनी भरलेल्या घरात.

मामा शहराच्या दफ्तरखान्यात कामाला. शहराचे जुने कागद, नकाशे, फोटो, टेपच्या फिती जिथे जपून ठेवतात ती जागा. मामाकडे फितींचं काम. जुनी फीत मशीनवर लावायची, आवाज कॉम्प्युटरवर घ्यायचा, खरखर काढून स्वच्छ करायचा. कान असा तिखट की शेजारच्या घरात नळ ठिबकला तरी इकडे याची झोप उडायची.

मामी म्हणायची, "लोकांच्या भिंतींना कान असतात. आमच्याकडे नवऱ्यालाच चार आहेत."

दफ्तरखाना भरतो ते पूर्वीचं धान्याचं गोदाम. टेकाडावर. जाड दगडी भिंती आणि पुढे ते मोठं लाकडी दार. ते दार माहीत नाही असं आमच्या शहरात शेंबडं पोरही सापडणार नाही. महापुराच्या रात्री हेच दार उघडं होतं. जो आला त्याला आत घेतलं. तू कोण, कुठला, कुणी विचारलं नाही. शाळेच्या पुस्तकात धडा आहे. बसवर, पाण्याच्या टाकीवर, पालिकेच्या पाटीवर तेच चित्र... उघडं दार. आम्ही रस्त्यात भांडलो तरी कुणीतरी मध्ये पडून म्हणतं, "अरे, आपण उघड्या दाराची माणसं. शोभतं का हे?"

नदीकाठी एक वस्ती होती म्हणे. तिच्याबद्दल धड्यात एकच ओळ आहे. काठावरची माणसं पाणी चढायच्या आधीच दुसरीकडे निघून गेली होती.

त्या रात्री गोदामात जी जाणती माणसं होती त्यांतला आता एकच माणूस हयात उरला होता. माझे आजोबा. सगळं शहर त्यांना अप्पा म्हणायचं, म्हणून आम्हीही अप्पाच म्हणायचो. पंच्याऐंशीच्या घरातला माणूस, पण शाळेतून बोलावणं आलं की आधी बूट पुसायला घ्यायचे. "मी स्वतः दार धरून उभा होतो," असं म्हणून दोन्ही हात पसरायचे आणि पोरं टाळ्या वाजवायची.

मामाचा अप्पांवर जीव. आजी लवकर गेली. माझ्या आईला आणि मामाला अप्पांनीच वाढवलं. मामा स्वतः साठीकडे झुकलेला, पण अप्पा खोकले तरी हातातला घास खाली ठेवणार. मामी चिडवायची, "मुलगा आहात की नर्स?"

तर, दफ्तरखान्यात महापुराचं मोठं प्रदर्शन भरणार होतं. उद्घाटनाला अप्पांचा सत्कार. अप्पांनी नवा कोट शिवून घेतला होता. आल्यागेल्याला दाखवायचे.

संचालकबाई मामाला म्हणाल्या, "मास्तरांच्या फिती काढा. त्यात अप्पा सापडले तर बहारच."

मास्तर म्हणजे एक शाळामास्तर. पुरानंतर काही वर्षांनी ते टेप खांद्याला लावून घरोघर हिंडले आणि लोकांच्या आठवणी भरून घेतल्या. मास्तर वारले. फिती दफ्तरखान्यात येऊन पडल्या. इतकी वर्षं कुणी ऐकल्या नव्हत्या.

दुपारचं जेवण झालं आणि मामाने पहिली फीत लावली.

खरखर. मग एक माणूस बोलायला लागला.

मामा खुर्चीत ताठ झाला. अप्पा! आवाज तरुण, दणदणीत, पण अप्पाच. मामाला इतका आनंद झाला की त्याने दाराशी बसणाऱ्या दरवानाला हाक मारली. "अरे, ये, ऐक, माझे वडील!"

बरं झालं, दरवान तेव्हा चहाला गेला होता.

फितीवर मास्तरांनी विचारलं, "दार कुणी लावलं?"

"आम्हीच."

"आत जागा नव्हती?"

"होती की. पोती सरकवली असती तर अजून दोनशे माणसं मावली असती." अप्पा थांबले. "पण काठावरची माणसं ती. त्यांना कोण घेणार होतं आपल्यात? चार-पाच जण दाराला टेकलो. माझा खांदा होता दाराला. बाहेरून वाजवत होते. बायका, पोरं, सगळेच."

"किती वेळ?"

"थांबेपर्यंत."

मामाने आवाज वाढवला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. बोलण्याच्या खाली, मघापासून, काहीतरी वाजत होतं...

ठक. ठक ठक.

फितीवर मास्तर म्हणाले, "जरा टेबल वाजवू नका हो. फितीवर येतंय."

ठक.

मग अप्पांचा आवाज, एकदम बारीक झालेला... "मी नाही वाजवत. हे बघा, हात मांडीवर आहेत."

ठक ठक. ठक. ठक ठक ठक.

खुर्ची सरकली. पावलं. कडी काढल्याचा आवाज. मास्तर परत आले. "कुणी नाही बाहेर."

फीत संपली.

मामाने दुसरी लावली. दुसऱ्याच कुणाचं घर, दुसरी माणसं, तीच रात्र. तिच्यातही खाली तेच... ठक ठक. तिसरीतही. मास्तर ज्या ज्या घरात गेले, त्या त्या घरात कुणीतरी दार वाजवत होतं. आणि सगळ्यांच्या तोंडी एकच. दार बंद होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर मामाने चपलाही काढल्या नाहीत. सरळ अप्पांसमोर जाऊन बसला.

"अप्पा, पुराच्या रात्री दार..."

"सताड उघडं!" अप्पांनी हात पसरले. "अरे, मी स्वतः धरून उभा होतो. विसरलास काय?"

खोटं बोलणारा माणूस मामाला आवाजावरून कळतो. आम्ही लहानपणी त्याच्याशी कधी थाप मारूच शकलो नाही. आणि अप्पा खोटं बोलत नव्हते. इतक्या शाळा, इतक्या टाळ्या, इतकी वर्षं. सांगता सांगता त्यांना तसंच आठवायला लागलं होतं. आतली ती दुसरी रात्र आता फक्त फितीवर उरली होती.

मामाला झोप लागली नाही. हा म्हातारा माणूस, कोट घालून आरशासमोर उभा राहणारा. त्याला उद्या शहर काय म्हणेल? पोरं काय म्हणतील? मामाला बापाची लाज झाकायची होती, दुसरं काही नाही. मी असते तर मीही तेच केलं असतं. उगाच मोठेपणा कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी तो कामाला लागला. दाराबद्दलची बोलणी कापायला वेळ लागला नाही. उरलं ते छान होतं. पाऊस, अंधार, पोत्यांवर निजलेली लेकरं, एकाने म्हटलेलं गाणं. पण त्या सगळ्याच्या खाली ते वाजणं चालूच होतं. शब्द कापता येतात, शब्दांच्या खालचं कसं कापणार?

त्यालाही त्याच्या धंद्यात उपाय आहे. नको असलेल्या आवाजाचा छोटासा तुकडा घ्यायचा आणि मशीनला नमुना म्हणून द्यायचा. हा ओळखून ठेव म्हणायचं. मग असा आवाज जिथे जिथे असेल तिथून मशीन तो पुसून टाकतं. पंख्याची घरघर, विजेची गुणगुण, मामा रोज असंच काढायचा.

त्याने ठकठकीचा नमुना दिला.

एका फितीवर नाही, मास्तरांच्या सगळ्या फितींवर एकदम. बटण दाबलं. चहा पिऊन आला तोवर काम झालं होतं. अप्पा बोलत होते आणि त्यांच्या आवाजाच्या खाली काही नव्हतं. नुसती शांतता, धुतल्यासारखी.

संचालकबाईंनी ऐकलं, डोळे पुसले. म्हणाल्या, "काय स्वच्छ केलंय हो! मूळ फिती आता कशाला? बुरशी लागलीय, मोडीत काढा."

मामानेच गठ्ठा बांधून दिला.

त्या संध्याकाळी मामी बाजारातून आली ती तणतणत. मामाने सहज कचरा टाकायला दार उघडलं तर ही बाहेर उभी, दोन्ही हातांत पिशव्या, तोंड लाल.

"हात मोडला माझा वाजवून वाजवून! आत बसून मजा बघत होतात?"

"कधी वाजवलंस?"

"कधी वाजवलंस? सगळी गल्ली गोळा व्हायची राहिली!"

मामाला वाटलं, असेल, लक्ष नसेल. पण दुसऱ्या दिवशी दूधवाला ओरडून गेला. तिसऱ्या दिवशी दरवान त्याच्या खोलीचं दार ठोकून ठोकून थकला आणि सरळ आत घुसला. तेव्हा मामाने स्वतः टेबलावर बोटाची पेरं आपटून पाहिली.

पेरांना लागलं.

आवाज... आला नाही.

त्याने जोरात आपटली. काही नाही. चमचा पडला, ऐकू आला. पलीकडचा नळ ठिबकला, ऐकू आला. मुंगी शिंकली असती तर तीही ऐकू आली असती. फक्त दारावरची थाप नाही.

कानाच्या डॉक्टरने सगळं तपासलं. "तुमचे कान विशीतल्या पोरासारखे आहेत, काका. आराम करा."

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. मामीने नेलंही. "बरंय, आता भांडण झालं की मी दार आपटून जाईन, तुम्हाला कळायचंही नाही."

पण मग वाजायला लागलं.

मामा जेवायला बसलेला. मामी म्हणाली, "बघा हो, कोण आलंय."

"मला नाही ऐकू आलं."

"तुम्हाला कुठलं येणार!" ती उठली, दार उघडलं... कुणी नाही. जिन्यावरही नाही. परत येऊन बसते तोच पुन्हा. पुन्हा उठली. पुन्हा कुणी नाही. कुणाची पोरं टवाळकी करतायत म्हणून ती दाराआड दबा धरून बसली आणि वाजत असतानाच खाडकन दार उघडलं...

रिकामा जिना. उंबऱ्याशी थोडा ओलावा, कुणी भिजून आल्यासारखा.

मामा ऑफिसात गेला की ते तिकडे वाजायचं. घरी आला की घरी. दरवान सांगायचा, "साहेब, तुम्ही आत आलात आणि मोठं दार वाजायला लागलं." तो उघडायला जायचा, शिव्या देत परत यायचा. मामा बसमध्ये बसला तर बसचा पत्रा बाहेरून वाजायचा, लोक वळून बघायचे. सगळ्यांना ऐकू यायचं. ज्याच्यामागे ते लागलं होतं, त्या एकट्याला नाही.

मामाला कळलं. कळलं म्हणजे काय, त्याची बोबडी वळली. तो धावत ऑफिसात गेला, गठ्ठा शोधायला. फिती केव्हाच भंगारात गेल्या होत्या, वितळूनही झाल्या असतील. कॉम्प्युटरवर फक्त तो नमुन्याचा तुकडा उरला होता. त्याने तो लावला. पडद्यावरची आवाजाची पट्टी उड्या मारत होती. त्याच्या कानात मात्र काही नाही.

दाराशी दरवान येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उतरलेला.

"साहेब, बंद करा ते. कसंतरी होतंय."

"काय ऐकू येतंय तुला?"

दरवानाने कॉम्प्युटरकडे पाठ केली. मग म्हणाला, "लहान हात आहेत त्यात."

मामाने तो तुकडा पुन्हा सगळ्या आवाजांखाली जोडायचा खूप प्रयत्न केला. जमलं नाही. जोडला की कॉम्प्युटर बंद पडायचा, चालू केला की तुकडा बाहेर. संचालकबाईंना सांगायचं त्याने ठरवलं. दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेला. आणि दोनदा आरशासमोर कोट घालून उभे असलेले अप्पा डोळ्यांपुढे आले आणि हा परत फिरला. एकदा सत्कार होऊ दे, मग सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं.

घरात मामीने एक नियम केला. "आता वाजलं तरी उठायचं नाही. उघडून कोण असतं? ओळखीच्यांनी फोन करून यायचं." शेजारीपाजारीही सरावले. भिंतीला भिंत लागलेली घरं, सगळ्यांना ऐकू जायचं. "तुमच्याकडचं वाजतंय," असं म्हणून ते टीव्हीचा आवाज वाढवायचे. माणूस कशालाही सरावतो, खरंच सांगते.

एकदा मामी अप्पांना चहा देत होती आणि वाजायला लागलं. ती दाराकडे बघायला लागली.

अप्पा शांतपणे म्हणाले, "उघडू नकोस. थोड्या वेळाने थांबतं."

"तुम्हाला काय माहीत?"

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. "मला कुठलं माहीत? सहज म्हटलं."

सत्काराचा दिवस आला.

संध्याकाळी कार्यक्रम, दुपारी लखलखीत ऊन. मामीने अप्पांचा कोट गच्चीवर उन्हात टाकला होता. आठवडाभर भाषणाची तयारी करून अप्पांचा घसा पार बसला होता. नुसती हवा यायची तोंडातून. मामी त्यांना म्हणाली, "आता एक शब्द बोलायचा नाही. संध्याकाळसाठी ठेवा."

जेवणं झाली. अप्पा आपल्या खोलीत आडवे झाले. मामा बाहेरच्या खोलीत त्यांचे बूट चमकवत बसला. मामी स्वयंपाकघरात आवरत होती.

आभाळ कधी भरून आलं कळलंच नाही. वारा सुटला आणि पाऊस आडवातिडवा कोसळायला लागला. थंडगार, खिडक्या लावून घ्याव्या लागणारा.

अप्पांना कोट आठवला असणार. ते उठले, मागच्या जिन्याने हळूहळू वर गेले. गच्चीत पाऊल टाकलं आणि वाऱ्याने मागे दार आपटलं. त्या दाराची कडी सैल होती, आपटलं की आतून आपोआप पडायची. आम्ही सगळे तिथे दगड लावून जायचो. अप्पा घाईत विसरले.

मामीने आपटल्याचा आवाज ऐकला. मग थोड्या वेळाने...

ठक ठक.

तिने भांडी घासणं थांबवलं नाही.

ठक. ठक ठक ठक.

तिने मला स्वतः सांगितलंय हे. भांडं हातात धरून ती मनात म्हणत होती, आज नको. आजच्या दिवस तरी नको. नेहमीपेक्षा जोरात होतं, वरून येत होतं, हेही तिला जाणवलं. पण नियम तिचाच होता. तिने नळ पुरता सोडला, म्हणजे ऐकू येऊ नये.

पलीकडच्या काकूंनी ऐकलं. त्यांनी मुलाला सांगितलं, "त्यांचं चालू झालं बघ." समोरच्यांनी ऐकलं. खालच्या शिंप्याने ऐकलं. साऱ्या गल्लीला ऐकू जात होतं.

आणि ज्याला अप्पांच्या खोकल्यानेही जाग यायची, तो मामा बाहेरच्या खोलीत बसून अप्पांच्या बुटाला पॉलिश करत होता. त्याला पाऊस ऐकू येत होता. नळ ऐकू येत होता. बुरुशाची घासघास ऐकू येत होती.

न्यायला गाडी आली तेव्हा मामा अप्पांना उठवायला गेला. अंथरूण रिकामं. मोरीत नाहीत. अंगणात नाहीत. मामी पदराला हात पुसत बाहेर आली आणि एकदम जिन्याकडे बघायला लागली.

"अहो," ती म्हणाली, "वर वाजतंय... अजून वाजतंय."

मामा दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला. कडी काढली.

अप्पा दाराला टेकून बसलेले होते. खांदा दाराला. कोट मांडीवर घट्ट धरलेला, लेकरू धरावं तसा. पेरांची सालं निघालेली. दार उघडलं तसे ते आत कलंडले. मामाने झेललं.

डॉक्टर आले, त्यांनी तपासलं. मान हलवली. "गारठ्याने हृदय बंद पडलं. बराच वेळ झालाय हो. दोन तास तरी. अंग ताठलंय."

मामी म्हणाली, "असं कसं? हे वर जाईपर्यंत वाजत होतं!"

काकूंनीही तेच सांगितलं. शिंप्यानेही. गाडीचा ड्रायव्हर तर नवखा माणूस, तोही म्हणाला, "मी आलो तेव्हा वर कुणीतरी दार बडवत होतं. एकाचं काम नव्हतं ते. बरीच माणसं असावीत असं वाटलं."

गच्चीवर अप्पांशिवाय कुणी नव्हतं.

माझी आई म्हणते, सूड घेतला काठावरच्यांनी. मामाला तसं वाटत नाही. एकदाच बोलला तो माझ्याशी यावर. म्हणाला, "अप्पांचे हात थांबल्यावरही वाजत होतं गं. ती माणसं अप्पांसाठी वाजवत होती. थंडीत एक म्हातारा दाराबाहेर अडकलाय म्हणून. त्यांना माहीत आहे बाहेर राहणं काय असतं." आणि मग तो ढसाढसा रडला. मला सूड परवडला असता. हे ऐकून मला जास्त भीती वाटली.

पुढच्या आठवड्यात प्रदर्शन उघडलं. अप्पांच्या फोटोला हार. मी परगावी होते, मामीने सांगितलं ते सांगते. मामाला दोन शब्द बोलायला उभं केलं. तो माइकसमोर गेला आणि सरळ म्हणाला, "दार बंद होतं. आत जागा होती. माझ्या वडिलांनी बंद केलं होतं, आणि फितीवरून मी पुसलं."



संचालकबाईंनी हळूच येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. लोकांकडे बघून म्हणाल्या, "वडील गेलेत. दुःखात माणूस स्वतःलाच दोष देतो."

मामा ओरडला, "अहो, फितींवर होतं! सगळ्यांच्या तोंडी होतं!"

"कुठे आहे फीत?" कुणीतरी विचारलं. तसं वाईट भावनेने नाही, सरळच विचारलं.

मग अप्पांचा आवाज लावला. तोच, धुतलेला. पाऊस, अंधार, पोत्यांवर निजलेली लेकरं, गाणं. लोक रडले. शेवटी दोन मिनिटं शांतता पाळायला सगळे उठले.

मामी सांगते, त्या शांततेत मोठं दार वाजायला लागलं.

मामाला ऐकू आलं नाही. पण त्याने माणसं पाहिली. एकेकाची मान दाराकडे वळली. एकेकाची परत फिरली. मग सगळे पायांकडे बघत उभे राहिले. पालिकेचे लोक, शाळेतले शिक्षक, छातीवर उघड्या दाराचा बिल्ला लावलेली पोरं. कुणी हललं नाही. मामाच गेला आणि त्याने दोन्ही फळ्या ढकलून दार उघडलं. बाहेर पाऊस होता. आत येणारा वारा भिंतीवरचे जुने कागद उडवायला लागला, तशा संचालकबाई म्हणाल्या, "अहो, कागद भिजतायत, लावा ते." दोघांनी मिळून लावून टाकलं.

मामाने नोकरी सोडली. धडा अजून पुस्तकात आहे. आता त्यात अप्पांचा फोटोही घातलाय.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे राहायला गेले होते. घराला एकही दार नाही. मामाने सगळी बिजागऱ्यांतून काढून विकली. पुढचं, मागचं, गच्चीचं. मोरीला नुसता पडदा. चोर आले तर, मी म्हटलं. मामा म्हणाला, "येऊ देत."

दुपारची वेळ होती. मी आणि मामा चहा पीत होतो. मामी भाजी निवडत होती.

आणि मला ऐकू आलं...

ठक ठक.

लाकडावर. अगदी स्पष्ट. मी समोर बघत होते. उघडी चौकट, पलीकडे ऊन, रस्ता. दारच नाही. मग वाजत कशावर होतं?

मामी हातातली भाजी बाजूला ठेवून उठली. रोजचं काम असावं तशी चौकटीपाशी गेली, अंग चोरून बाजूला झाली आणि वाट मोकळी करून म्हणाली, "या. आत या."

ती तशीच उभी राहिली. खूप वेळ. एकामागून एक माणसं आत येत असल्यासारखी.

वाजणं थांबलं नाही.

मामा माझ्या तोंडाकडे बघत होता. ऐकू येत नाही म्हणून हल्ली तो असाच लोकांचे चेहरे बघत बसतो.

"येतायत का गं आत?" त्याने विचारलं.

मी चौकटीकडे बघितलं. अजून वाजत होतं. चहा गार होऊन गेला.